पैसे देऊन मासा सोडायचा

टेरेस गावात कोणाला विचारलं की सप्टेंबरमध्ये काय करताय तर उत्तर येतं, कोहो, म्हणजे सॅल्मन माशाची एक जात. जुलै म्हणजे चिनूक, ऑगस्ट म्हणजे सॉकाय आणि पिंक, मार्च म्हणजे स्टीलहेड. लग्नाची तारीखसुद्धा मासे बघून काढतात असं इथले लोक हसत हसत सांगतात आणि मला तरी ते अजिबात खोटं वाटत नाही, कारण आमच्या ऑफिसात सप्टेंबरच्या रजांवरून जेवढी भांडणं होतात तेवढी ख्रिसमसच्या रजांवरून पण होत नाहीत.

टेरेस म्हणजे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या वायव्य भागात, प्रिन्स रूपर्ट बंदरापासून आत, स्कीना नदीच्या काठावरचं छोटं शहर. मी तिथे राहत नाही, मी राहते किटिमॅटला, गाडीने पाऊण तास दक्षिणेला, कारण माझं इन्स्ट्रुमेंटेशनचं काम इथल्या गॅस प्लांटचं, जिथून २०२५ च्या जूनअखेरीस पहिलं जहाज एलएनजी भरून निघालं. माहेर रोह्याचं, कुंडलिकेच्या काठचं. लहानपणी आप्पा पाग (फेकायचं जाळं) टाकायचे आणि मी डबा घेऊन मागे, त्यामुळे मासेमारी मला माहितीये असा माझा समज होता. इथे येऊन पहिल्यांदा कळलं की मासेमारीला लायसन लागतं, त्यावर सॅल्मनचा वेगळा स्टॅम्प लागतो, काही नद्या 'क्लासिफाइड' म्हणजे खास दर्जाच्या असतात तर त्यांचं परत वेगळं, आणि हे सगळं काढूनही आज संध्याकाळी नियम बदलू शकतो.

ही नियमांची भानगड जरा नीट सांगते, कारण गाइड कशाला लागतो याचं अर्धं उत्तर त्यात आहे. नदी एक, पाणी एक, पण त्यातले सॅल्मन केंद्र सरकारच्या मत्स्य खात्याकडे आणि स्टीलहेड प्रांताच्या सरकारकडे. स्टीलहेड म्हणजे खरंतर समुद्रात जाऊन परत येणारा रेनबो ट्राउट, सॅल्मनचाच सख्खा भाऊबंद, शास्त्रीय नावातलं पहिलं नाव पण तेच, पण कागदावर तो दुसऱ्या घरचा. त्यामुळे एकाच दिवशी एकाच ठिकाणी कोहो लागला तर ठेवता येईल, स्टीलहेड लागला तर सोडायचाच (नैसर्गिक स्टीलहेड ठेवायला पूर्ण प्रांतात बंदी आहे), चिनूक लागला तर त्या आठवड्याची नोटीस काय म्हणते ते बघायचं. आणि तीन फूट उडालेला मासा कोणता आहे हे ओळखायचं कसं? हिरड्या काळ्या का पांढऱ्या, शेपटीवर ठिपके पूर्ण का अर्धे, पाठीवरचा तो शेवटचा छोटा मांसल पर शाबूत आहे का कापलाय (हॅचरीत वाढवलेल्या पिल्लांचा तो कापतात, खूण म्हणून). गार पाण्यात कमरेएवढं उभं राहून, बोटं बधिर झालेली असताना हे बघायचं. आमचा गाइड पन्नाशी उलटलेला, टेरेसमध्येच जन्मलेला, तो पाण्यातल्या सावलीवरून सांगतो. लोकांना वाटतं गाइडला पैसे देतो ते मासा मिळवून द्यायचे. माझ्या मते निम्मे पैसे तो आपल्याला थांबवतो त्याचे असतात, इथे टाकू नको, आज इथे नको, हा नको, सोड.

माझी सुरुवात झाली मार्चमध्ये, म्हणजे सगळ्यात वाईट महिन्यात. कॅलम नदी (पूर्ण नाव किटसमकॅलम, टेरेसच्या जरा पश्चिमेला स्कीनाला मिळते) तेव्हा पूर्ण वितळलेली पण नसते. काठावर बर्फ, पाणी शून्याच्या जरासं वर, आणि रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरतं ते दर थोड्या वेळाने तोंडात धरून वितळवायचं. मासा स्टीलहेड, पद्धत स्पे, म्हणजे स्कॉटलंडमधल्या स्पे नदीवरून आलेली दोन हातांची लांबच लांब रॉड. माशी (म्हणजे गळाला पिसं बांधून केलेली खोटी माशी) टाकायची तिरकी, प्रवाहाने ती कमानीत वाहून काठाकडे येते, मग दोन पावलं खाली सरकायचं आणि परत टाकायची. बास. दिवसभर हेच. गाइड मागे उभा राहून फक्त एवढंच सांगतो की वेगाचं पाणी आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातं ती रेघ बघ, तिथे मासा दम खातो. पहिल्या दिवशी मला ती रेघ दिसतच नव्हती, सगळं एकसारखं राखाडी. दुपारनंतर अचानक दिसायला लागली आणि मग नदीत दुसरं काहीच दिसेना.

मासा काही लागला नाही. गाइडला त्याचं काहीच वाटलं नाही, त्याने बोटीत सूप गरम केलं आणि मला समुद्रसिंहांच्या गोष्टी सांगितल्या. मार्चमध्ये ऊलिकन नावाचे वीतभर लांबीचे तेलकट मासे समुद्रातून नद्यांमध्ये शिरतात, आणि त्यांच्यामागे सील, समुद्रसिंह, गरुड, सीगल सगळी वरात. ऊलिकनमध्ये तेल इतकं की वाळवून वात लावली तर मेणबत्तीसारखा जळतो. इथल्या आदिवासी समाजांनी त्याचं तेल काढून डोंगरापलीकडे नेऊन विकलं, त्या पायवाटांना अजूनही ग्रीस ट्रेल म्हणतात. हिवाळ्याच्या उपासमारीनंतर पहिलं अन्न घेऊन येणारा मासा हा, सॅल्मनच्या आधीचा, पण त्याचा फोटो कुठल्याच लॉजच्या ब्रोशरवर नसतो.

मग मे-जूनमध्ये डोंगरावरचं बर्फ वितळतं आणि स्कीना अशी फुगते की पाण्याचा रंग चहासारखा होतो, आख्खी झाडं मुळांसकट वाहत जातात. ५७० किलोमीटर लांब आणि मुख्य प्रवाहावर एकही धरण नाही, म्हणजे जे काय येतं ते सगळं येतं. आणि नेमका याच वेळी चिनूक येतो, सॅल्मनमधला सगळ्यात मोठा. १९५९ मध्ये स्कीनात ९२ पाउंडांचा चिनूक रॉडवर पकडला होता, पुढे १९८५ मध्ये अलास्कातल्या किनाय नदीत ९७ पाउंडांचा निघाला, पण टेरेसमध्ये तो अजून मोठा अभिमानाचा विषय आहे.

चिनूकची मासेमारी मला सगळ्यात आवडते कारण ती कोकणातल्या माणसाला शोभणारी आहे, म्हणजे बसून. तिला बार फिशिंग म्हणतात. जेट बोटीतून नदीतल्या एखाद्या गोट्यांच्या बेटावर जायचं, रॉड वाळूत रोवायच्या, दोरीला वजन आणि पुढे स्पिन-एन-ग्लो नावाचा रंगीत पंख असलेला फिरता तुकडा, आणि रॉडच्या टोकाला घंटी. मग शेकोटी, सॉसेज, गप्पा. घंटी वाजली की सगळे धावतात. मला वाटायचं एवढी रुंद नदी, मासा मध्यभागी असणार, आणि मी जोर लावून लांब टाकायचे. गाइड शांतपणे ओढून काठाजवळ आणायचा. त्याचं म्हणणं साधं होतं: एवढ्या मोठ्या माशाला शेकडो किलोमीटर वर जायचंय, नदीत शिरल्यापासून तो खात नाही, अंगात जी चरबी आहे तेवढ्यावरच सगळं भागवायचं, तर तो मधल्या धारेशी कशाला भांडेल? तो काठाकाठाने, संथ पाण्यातून, पावलाएवढ्या अंतरावरून जातो. मग गढूळ पाण्यात चमकणारं फिरणारं काहीतरी तोंडासमोर आलं की चिडून चावतो. भूक नाही, राग. म्हणजे आपण उपाशी नसलेल्या माशाला चिडवायला बसलेलो असतो, रात्री दहापर्यंत उजेड असतो म्हणून रात्री दहापर्यंत.

जुलैत टेरेसमधले लोक रोज सकाळी एक आकडा बघतात. नदीच्या मुखाजवळ टायी नावाची जागा आहे, तिथे मत्स्य खातं १९५० च्या दशकापासून दर उन्हाळ्यात रोज ठरावीक जाळं टाकतं आणि किती मासे लागले त्यावरून किती आत आले याचा अंदाज काढतं. शेअर बाजाराचा आकडा बघावा तसं सगळे ते बघतात, गाइड, कॅनरीवाले (मासे डबाबंद करणारे), दुकानदार, आमचा क्रेन ऑपरेटर. आकडा पडला की नोटीस येते. २०१८ मध्ये चिनूक एवढे कमी होते की स्कीना खोऱ्यात त्यांची हौशी मासेमारी बंदच केली, आधीच बुकिंग केलेल्या लोकांना गाइड लोकांनी काय तोंड दाखवलं असेल देव जाणे. २०२१ मध्ये स्टीलहेडचा आकडा टायीच्या नोंदींमधला सगळ्यात खालचा, ऑक्टोबरमध्ये स्टीलहेडही बंद. कारणं अनेक सांगतात, २०१४ ते २०१६ दरम्यान ईशान्य पॅसिफिकमध्ये गरम पाण्याचा जो प्रचंड पट्टा पसरला होता त्याला तर सगळेच शिव्या घालतात.

आणि गंमत अशी की सॉकाय मात्र बरेचदा भरपूर. का तर वर बबीन नावाचं लांबच लांब तलाव आहे, त्याच्या ओढ्यांवर १९६० च्या दशकात सरकारने फुल्टन आणि पिंकट इथे अंडी घालायचे कृत्रिम कालवे बांधले, पाणी नियंत्रित, गोटे योग्य मापाचे, माशांसाठी हाउसिंग सोसायटीच म्हणा. आता स्कीनाच्या सॉकायमधले बहुतांश बबीनचे. चांगलंच की, असं मला वाटलं होतं. पण गाइड म्हणतो इथेच घोळ आहे, समुद्रात जाळं टाकलं की त्याला बबीनचा सॉकाय आणि कुठल्यातरी छोट्या तलावाचा उरलेसुरले सॉकाय यात फरक कळत नाही, स्टीलहेड पण त्याच दिवसांत त्याच पाण्यातून येतो, तोही अडकतो. भरपूर माशाच्या गर्दीत थोडका मासा मारला जातो. हे मला एकदम पटलं.

ऑगस्टचं फार काही सांगण्यासारखं नाही. पिंक सॅल्मन येतात, हजारोंनी, नराच्या पाठीवर एवढं मोठं कुबड, गाइड लोक नाक मुरडतात, लहान मुलं खुश असतात कारण गळ टाकला की मासा. माझ्या मते लहान मुलांचं बरोबर आहे. अस्वलांचं पण तेच मत आहे. अस्वलं मासा ओढून जंगलात नेतात, अर्धा खातात आणि टाकतात, आणि समुद्रातला नायट्रोजन असा नदीकाठच्या झाडांच्या खोडात सापडतो हे शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलंय.

सप्टेंबरमध्ये आप्पा आले. वय सत्तरच्या पुढे, पहिलाच परदेश प्रवास, आणि आल्या आल्या नदी बघायची. मी दोन दिवस गाइड ठरवला, एक दिवस कोहोसाठी किटिमॅट नदीवर, एक स्टीलहेडसाठी कॉपर नदीवर. (कॉपरचं नकाशावरचं नाव झिमोएट्झ, पण तसं कोणी म्हणत नाही.) कोहोचा दिवस मस्त गेला. कोहो चांदीसारखा, लागला की उड्या मारतो, वेड्यासारखा इकडे तिकडे पळतो. आप्पांनी स्पिनर (पाण्यात फिरणारं चमकदार आमिष) टाकायला दहा मिनिटांत शिकून घेतलं, गाइड मला म्हणाला, तुला हे शिकायला किती वेळ लागला होता आठवतंय का. दोन कोहो ठेवले. आप्पांनी गाइडची सुरी मागून घेतली आणि स्वतः साफ केले, गाइड फिले काढायला गेला तर त्याला अडवून हाडासकट तुकड्या पाडल्या आणि डोकं वेगळं ठेवलं. डोकं टाकायचं असतं हे ऐकून त्यांनी गाइडकडे ज्या नजरेने पाहिलं तसं ते मला फक्त दहावीच्या प्रिलिमनंतर बघायचे.

दुसरा दिवस कॉपरवर. पाऊस. दुपारी आप्पांच्या रॉडला स्टीलहेड लागला, मोठा, अंगावर गुलाबी पट्टा उमटायला लागलेला. गाइडने अर्धा तास त्यांच्या खांद्याशी उभं राहून आणला, जाळीत घेतला, पाण्यातच ठेवला, हात ओले करून मगच धरला, गळ काढला. गळ इथे एकच आणि त्याच्या टोकाजवळचं उलटं दात पकडीने दाबून सपाट केलेलं, त्यामुळे सहज निघतो. एक फोटो, पाण्यातच. आणि तोंड प्रवाहाकडे करून धरला, मासा शेपटी हलवून गेला.

आप्पा मला म्हणाले, "गेला?"

"सोडला, आप्पा. इथे सोडायचाच असतो."

"मग धरला कशाला?"

गाइडने विचारलं काय म्हणतायत. मी भाषांतर केलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की माझा आजा पण हेच विचारायचा. पुढे बोटीत त्याने समजावायचा प्रयत्न केला: स्टीलहेड बाकी सॅल्मनसारखा अंडी घातल्यावर मरेलच असं नाही, काही परत समुद्रात जातात, पुन्हा येतात. गार पाण्यात नीट हाताळला तर बहुतेक जगतात. आणि हे पकडणारे, सोडणारे, त्यासाठी एवढे पैसे मोजणारे लोक नसते तर या माशाची बाजू कोणी घेतली असती, व्यापारी जाळ्यांविरुद्ध कोण भांडलं असतं. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. आप्पांनी मान डोलावली आणि मला मराठीत म्हणाले, "त्याचं पोट त्यावर आहे, तो बरोबरच बोलणार. पण माशाला विचारा."

मग ते स्वतःच वलगणीवर आले. पहिल्या पावसाला ओढ्यातून शेतात चढणारे अंड्यांनी भरलेले मासे, रात्री बत्त्या घेऊन सगळा गाव बांधावर, बोकशी (मासे अडकवायचा सापळा) लावलेली, मळे, शिवडे, शिंगाळ्या, टोपल्याच्या टोपल्या. मला वाटलं आता म्हणतील आमच्याकडे मासा धरला की खायचा, खेळायचा नाही. पण म्हणाले, "आम्ही तर वलगणीचा एक पण सोडला नाही कधी. आता ओढ्याला येतंय काय? बेडूक." आणि मग दोन्ही बाजू एकदम चुकीच्या असल्यासारखे गप्प बसले, थर्मासमधला चहा ओतला, गाइडला दिला, साखर जास्त झालीये म्हणून माझ्यावर चिडले.

आप्पांचा तो प्रश्न मी आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीला सांगितला. ती हायस्ला या इथल्या आदिवासी समाजाची, किटमाट व्हिलेजमधली. ती नुसती हसली. तिच्या घरी लहानपणापासून हेच शिकवलंय, जेवणाशी खेळायचं नाही. ती पण मासे धरते, भरपूर, धुरावते, बरण्या भरते, आणि तो तिचा हक्क आहे, १९९० मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने स्पॅरो खटल्यात सांगितलंय की आधी माशांचं संवर्धन, त्यानंतर आदिवासींचं अन्न आणि समारंभ, बाकीचे सगळे मागे. पण तो हक्क कोर्टात जाऊन परत मागावा लागला हे ती विसरत नाही. १९०६ मध्ये बबीनवरच्या लोकांची नदीत आडवी बांधलेली माशांची कुंपणं सरकारने काढायला लावली, कॅनऱ्यांना मासा कमी पडतो म्हणून. ती कुंपणं अशी होती की हवे तेवढे घ्यायचे आणि बाकीचे वर सोडायचे. प्रिन्स रूपर्टजवळ पोर्ट एडवर्डला १८८९ ची नॉर्थ पॅसिफिक कॅनरी आहे, आता म्युझियम, खांबांवर उभी लाकडी वस्ती, आप्पांना घेऊन गेले होते. आत चिनी, जपानी, आदिवासी, गोरे यांच्या राहायच्या जागा वेगवेगळ्या. आप्पा डब्यांची लेबलं वाचत बसले.

खायचं राहिलंच. सॅल्मन आणि आपला रावस यांचा काही संबंध नाही, हॉटेलवाले काहीही छापोत. सॅल्मन तेलकट, त्यामुळे नारळाच्या रसात तो जड होतो, मी दोनतीनदा करून सोडून दिलं. कोहोच्या तुकड्या हळद-तिखट-मीठ आणि भरपूर कोकमाचं आगळ लावून रव्यात तळायच्या, तेल जवळजवळ घालायचंच नाही, स्वतःचंच सुटतं. सॉकाय लालभडक, तो कोरडा पडतो पटकन, त्याला फक्त लसूण आणि तिरफळ. डोक्याचं कालवण चिंचेत. चम सॅल्मनला इथले लोक कुत्र्याचा मासा म्हणून हिणवतात पण धुरावलेला खाऊन बघा. आप्पांनी दोन कोहोंची डोकी एका दिवसात संपवली आणि गाइडकडे अजून आहेत का विचार म्हणाले. त्याने पुढच्या दिवशी पिशवीभर आणून दिली, फुकट, दुसऱ्या गिऱ्हाइकांची.

हिवाळ्यात गाइडची बोट ताडपत्रीखाली असते. तो शेम्स डोंगरावर स्कीचं काहीतरी काम करतो, रात्री माश्या बांधतो, आणि जानेवारीत सगळ्यांना मेल पाठवतो की या वर्षी या तारखा आहेत, चिनूकचं अजून सांगता येत नाही, डिपॉझिट परत मिळेल. यंदा मी जुलैतला एक बार फिशिंगचा दिवस लिहून दिलाय, चिनूक उघडलं तर. सप्टेंबरअखेर कोहो, नक्की. स्टीलहेडच्या रकान्यात काय लिहायचं यावर मेल तसाच पडून होता आठवडाभर. मला ती मार्चमधली रेघ परत बघायचीये, खोटं कशाला बोलू, आणि ती बघायला गळ लावायलाच पाहिजे असं काही नाही असं मी स्वतःला सांगते, पण रॉड हातात नसताना मी त्या थंडीत चार तास उभी राहणार नाही हेही मला माहितीये. शेवटी मी गाइडला विचारलं की माशीचा गळ मोडून टाकला, नुसती पिसं ठेवली, तर चालेल का, मासा येऊन ओढेल आणि जाईल. त्याने उत्तर पाठवलं की असं करणारे काही म्हातारे लोक त्याला माहितीयेत, पैसे मात्र तेवढेच पडतील.